एम.ए. मानसशास्त्रानंतर शाळकरी मुलांसोबत काम करायचं तर पुढचं प्रशिक्षण कोणतं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

केळीबाग

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्र यंदा संपतंय. पुढे शाळेतल्या मुलांसोबतच काम करायचं आहे: वाचन-लेखनाच्या अडचणी, स्वमग्नता, वर्गातलं वागणं, हे सगळं. राहणं जळगावला आणि कामही शक्यतो खान्देशातच. कुणी म्हणतं एम.फिल. संपलं, कुणी म्हणतं आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नसेल तर काही उपयोग नाही, कुणी म्हणतं शाळेला एम.ए. पुरतं. सहा महिन्यांच्या 'चाइल्ड सायकॉलॉजी डिप्लोमा'च्या जाहिरातींनी तर फोन भरलाय. नेमका रस्ता सांगा. आणि कोर्स कोणताही असो, त्यात हाताने काय काय शिकून घ्यायला हवं, हेही लिहा.

गिरणाथडी

पुढे कोणत्या कागदावर सही करायची आहे, ते आधी ठरवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

अध्ययन अक्षमता, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता यांच्या प्रमाणपत्रासाठी लागणारा अहवाल द्यायचा असेल, तर आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत क्लिनिकल किंवा रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट म्हणून नाव लागतं. नुसत्या एम.ए.वर ते लागत नाही. आरसीआयचा कायदा १९९२चा आहे आणि नोंदणीशिवाय हे काम करण्याला त्यात शिक्षाही आहे. आपल्याकडे 'शालेय मानसशास्त्रज्ञ' अशी वेगळी नोंदणी या यादीत नाही, त्यामुळे मुलांचं काम करणाऱ्यालाही याच दोन दारांपैकी एकातून आत यावं लागतं.

आता एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने एम.फिल. बंद केलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६पर्यंत मुदत दिली. त्याच्या जागी आरसीआयने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) आणले आहेत. म्हणून यापुढच्या जाहिरातीत 'एम.फिल.' दिसलं तर प्रवेशाचं वर्ष आणि मान्यतेचं वर्ष दोन्ही तपासा. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थावार यादी असते. तीत संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मान्यता कधीपर्यंत आहे, हे तिन्ही जुळलं पाहिजे. संस्था मान्य पण कोर्स दुसराच, असं सर्रास असतं.

रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीसाठी सिकंदराबादची एनआयईपीआयडी (बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था) ही मुख्य संस्था. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लहान मुलांचं काम करायचं असेल तर माझ्या मते क्लिनिकलपेक्षा हे प्रशिक्षण जास्त उपयोगी. क्लिनिकलच्या दोन वर्षांत मोठ्या माणसांचा वॉर्ड बराच वेळ खातो.

शेवभाजी

सही नको, शाळेत समुपदेशक म्हणून उभं राहायचंय, असं असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. सहा महिने दूरस्थ, तीन महिने समोरासमोर, तीन महिने आपल्या भागात इंटर्नशिप. महाराष्ट्राला भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था लागते, म्हणजे भुसावळहून थेट गाडी. नोकरीतल्या शिक्षकांनाही घेतात, त्यामुळे वर्गात मुरलेली माणसं सोबत असतात आणि त्याचा फायदा एम.ए. करून थेट आलेल्यांना जास्त होतो. पण हे झालं म्हणजे बुद्ध्यांक काढून सही ठोकता येते असं नाही. त्या दोन गोष्टी कृपया एकत्र करू नका.

मागणी आहे का? सीबीएसईच्या संलग्नता नियमांत माध्यमिक शाळांसाठी समुपदेशकाची अट आहेच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. कागदावर जागा वाढतील. त्या कितपत 'पात्र' माणसांनी भरल्या जातील, ते मुलाखत घेणाऱ्याला काय कळतं यावर.

सहा महिन्यांच्या डिप्लोम्याबद्दल: फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'देखरेखीखाली प्रत्यक्ष किती मुलं, आणि देखरेख कोणाची?' उत्तरात 'व्हिडिओ केस स्टडी' आलं की फोन ठेवा.

केळीबाग

आणि मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलेल्यांचं काय? आमच्या ओळखीत बऱ्याच जणी तशा आहेत.

गिरणाथडी

मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून थांबवले. कारण २०२१चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा. त्यात मानसशास्त्रज्ञ हा आरोग्य व्यवसाय धरलाय (आरसीआयखालचे क्लिनिकलवाले वगळून). आधी प्रवेश घेतलेल्यांची पदवी त्यामुळे रद्द होत नाही. पण पुढच्या कोर्सची प्रवेशसूचना मात्र ओळ न् ओळ वाचा, काही ठिकाणी 'नियमित पद्धतीने' अशी अट असते. गुणांची अट साधारण ५५ टक्के.

पांझराकाठ

हाताने काय शिकायचं त्याबद्दल लिहितो. चाचणी 'देता येणं' हे सगळ्यांना सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त घाण तिथेच होते.

पहिली चूक वयाची. बिने-कामत चाचणीत बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय (किती वयाच्या मुलाइतकं जमतं ते) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. आता खेड्यातल्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा: अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी घातलेली. समजा मुलाचं मानसिक वय ७२ महिने आलं. रजिस्टरप्रमाणे वय ९६ महिने असेल तर बुद्ध्यांक ७५. खरं वय ८८ महिने निघालं तर तोच ८२. आठ महिन्यांच्या फरकाने अहवालातला शब्दच बदलतो. म्हणून जन्मदाखला, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड मागा. काहीच नसेल तर आईला सणावरून, पेरणीवरून विचारा. त्या वेळी मागचं-पुढचं भावंड किती वर्षांचं होतं तेही विचारा. आणि वय कशावरून धरलं ते अहवालात लिहा. वय काढायच्या वजाबाकीत दिवस कमी पडले की महिन्यातून ३० उसने घ्यायचे. हेसुद्धा चुकतात.

दुसरी चूक सेगाँ फॉर्म बोर्डची, म्हणजे ठोकळे आपापल्या खाचेत बसवण्याच्या चाचणीची. दहा ठोकळे, तीन फेऱ्या, आणि तीनपैकी सगळ्यात कमी वेळ धरायचा. सरासरी नाही. तरी सरासरी काढून मानसिक वय लावलेले अहवाल दिसतात.

तिसरी व्हाइनलँडची, म्हणजे मूल रोजच्या जगण्यात स्वतःचं स्वतः किती करतं ते मोजणाऱ्या मापनीची. मॅलिन यांनी नागपूरला केलेलं हे रूपांतर, ८९ बाबी, आणि ती मुलाला विचारायची नसते, त्याला रोज पाहणाऱ्याला विचारायची असते. 'आंघोळ स्वतः करतो का?' असं विचारलं की आई 'हो' म्हणते. 'काल आंघोळ कुणी घातली? डोक्यावर पाणी कुणी ओतलं?' असं विचारा, म्हणजे खरं कळेल. आश्रमशाळेतल्या मुलाची आई दिवाळी आणि उन्हाळ्यातच त्याला पाहते. तिथे अधीक्षकांना विचारल्याशिवाय ही मापनी पुरी होत नाही.

सरावाचं म्हणाल तर कोणतीही चाचणी अडचण असलेल्या मुलावर वापरण्याआधी दहा-बारा ठीकठाक शिकणाऱ्या मुलांवर देऊन बघा. 'नेहमीचं' कसं दिसतं हे हातात बसलं नाही तर सगळ्यांतच दोष दिसायला लागतो.

शेवभाजी

बिने-कामतचे निकष (मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडायचे ते आकडे) किती जुने आहेत! १९६७नंतर त्याला हात लागलेला नाही. अजून तेच शिकवायचं?

पांझराकाठ

शिकवायचं. कारण सरकारी दवाखान्यात तेच हाताला लागतं, मराठीत आहे, आणि तीन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंत चालतं. पण जुन्या निकषांवर आकडा फुगतो, हे माहीत असलं पाहिजे. सीमारेषेवरच्या मुलाला एकट्या बिने-कामतवर निकाली काढू नये. शाब्दिक आणि कृतीचा भाग वेगळा कळायला मॅलिनची मुलांची बुद्धिमापनी हवी, त्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या असतात. तीही १९६९ची, म्हणजे म्हातारीच. पण मुलाची भाषा आड येतेय का, हे शाब्दिक आणि कृतीच्या गुणांतल्या अंतरावरून निदान लक्षात तरी येतं.

सातपुडा_पायथा

भाषेचा विषय निघालाच आहे, तर तोच आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा आहे आणि कुठल्याही अभ्यासक्रमात तो नीट नाही. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पोरं घरी पावरी, भिली बोलतात, नवापूरकडे मावची. धुळे-जळगावात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, तडवी, गुजर. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी.

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. त्यामुळे तिसरीतल्या पोराने श्रुतलेखनात 'शाळा'चं 'शाया' आणि 'पाणी'चं 'पानी' लिहिलं, तर तो जसं बोलतो तसं लिहितोय. ध्वनी ऐकून अक्षर लावण्याची त्याची क्षमता उलट शाबूत आहे! त्याला अध्ययन अक्षमतेच्या खात्यात टाकू नका. शंका कधी घ्यायची? अक्षरं गळतात, क्रम उलटतो, तोच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी येतो, जोडाक्षर तर सोडाच पण काना-मात्राही ठरत नाहीत, आणि हे घरच्या बोलीने समजावता येत नाही, तेव्हा. श्रुतलेखन तपासताना दोन रकाने करा: बोलीतून आलेल्या चुका आणि उरलेल्या. मोजायचा तो दुसरा रकाना.

शाब्दिक प्रश्नाचं उत्तर पोराने अहिराणीत दिलं आणि अर्थ बरोबर असेल तर गुण द्यायचे. 'माले नही येत' हे प्रश्न न समजल्यामुळे आहे की उत्तर न आल्यामुळे, ते प्रश्न बोलीत पुन्हा विचारून बघायचं. पण तसं केलं की निकष तंतोतंत लागू राहत नाहीत, म्हणून आकडा 'अंदाजे' म्हणून लिहायचा. अंक लक्षात ठेवण्याच्या उपचाचणीत पावरी बोलणाऱ्या मुलावर दुहेरी ओझं येतं: आधी मराठी अंक ओळखायचा, मग लक्षात ठेवायचा. त्या गुणांवरून 'स्मरण कमजोर' लिहिणं म्हणजे अन्याय आहे.

दुभाषी घ्यायचा तर वर्गशिक्षक किंवा मोठा भाऊ घेऊ नका, ते उत्तर सुचवतात. त्या भाषेचा बाहेरचा माणूस घ्या आणि आदल्या दिवशी अर्धा तास त्याला शिकवा: जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, डोळ्याने इशारा नाही, 'शाबास' नाही.

गिरणाथडी

सातपुडा यांच्या म्हणण्याला जोड. अध्ययन अक्षमता म्हणायला आधी हे दाखवावं लागतं की मुलाला पुरेसं शिकवलं गेलं होतं. नंदुरबार-धुळ्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. इकडे कापूस वेचणीला वर्ग रिकामे होतात. मागच्या दोन वर्षांचा हजेरीपट न बघता निदान करणारा माणूस शिकलेला नाही, असं मी सरळ म्हणेन. हजेरी निम्मी असेल तर आधी दोन-तीन महिने नीट शिकवून बघा, मग चाचणी.

साधनांत बंगळूरच्या निम्हान्सची बॅटरी (चाचण्यांचा संच) आहे: पाच ते सात आणि आठ ते बारा असे दोन टप्पे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' (वाचन-लेखनाची अडचण तपासणारा संच) मराठीतही आहे. त्यात शिक्षकांनी भरायच्या छाननीच्या प्रश्नावल्या वेगळ्या, पहिली-दुसरीची एक आणि तिसरी ते पाचवीची एक. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी असते. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगून टाका, नाहीतर दुसरीतलं लेकरू घेऊन चार हेलपाटे घालतात.

केळीबाग

खूप मोलाचं. मग चाचण्यांशिवाय काय? कोर्समध्ये 'वर्गनिरीक्षण' म्हणून चार ओळी आहेत फक्त.

पांझराकाठ

निरीक्षण हे मोजून करायचं असतं. मागच्या बाकावर बसा, २० मिनिटं, दर १५ सेकंदांनी एक खूण: त्या क्षणी मूल कामात आहे की नाही. झाल्या ८० खुणा. एक खूण तुमच्या मुलाची, आणि त्याच कागदावर शेजारच्या, बाईंच्या मते 'साधारण' मुलाचीही. तुमचं मूल ३८ वेळा कामात आणि शेजारचं ६० वेळा, म्हणजे ४७.५ टक्के विरुद्ध ७५ टक्के. हा फरक बोलतो. पण दोघंही ४०च्या आसपास असतील तर प्रश्न मुलाचा नाही, वर्गाचा आहे. अशा वेळी एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) लिहून मोकळं होणं म्हणजे बाईंना सुटका. दोन वेगळ्या तासांना करा, एक गणिताचा, एक मुलाच्या आवडीचा. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी केलेलं निरीक्षण धरूच नका. त्या उन्हात कुणाचं लक्ष लागतं?

वाचनासाठी खालच्या इयत्तेच्या बालभारतीतले तीन अनोळखी उतारे घ्या, प्रत्येकी एक मिनिट मोठ्याने वाचायला द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, आणि तिन्हींतला मधला आकडा धरा. दर आठवड्याला हेच केलं की उपाय लागू पडतोय का ते आलेखावर दिसतं. बुद्ध्यांकापेक्षा शिक्षकांना हे पटकन समजतं.

हे सगळं सुरू करण्याआधी डोळे आणि कान तपासलेत का, हा प्रश्न. एका कानाने कमी ऐकू येणारी मुलं 'लक्ष देत नाही' म्हणून येतात.

शेवभाजी

अहवाल लिहायलाही कोणी शिकवत नाही. तीन-चार पानं पुरे. वर पहिल्यांदा शाळेने किंवा पालकांनी विचारलेला प्रश्न लिहा, शेवटी त्याचंच उत्तर. आकडा एकटा देऊ नका, पट्टा द्या. सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि चाचणीची विश्वसनीयता ०.९१ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी ४.५ येते, म्हणजे दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली तर ८१ या आकड्याचा अर्थ साधारण ७२ ते ९०. हे पालकांसमोर बोलून दाखवता आलं पाहिजे. शिफारशी शिक्षकाला उद्या करता येतील अशा हव्यात. 'वैयक्तिक लक्ष द्यावे' ही साठ मुलांच्या वर्गात शिफारस नव्हे. 'फळ्यावरचं उतरवून घ्यायला न लावता छापील कागद द्यावा', 'तोंडी उत्तर ग्राह्य धरावं', 'लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा', असं लिहा.

केळीबाग

एक आगाऊ प्रश्न. इंग्लंडमध्ये 'एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' हा वेगळाच पेशा आहे ना? इथून तिकडे जाता येतं?

गिरणाथडी

आहे. तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट, मग एचसीपीसी या नियामकाकडे नोंदणी, आणि ते नाव कायद्याने राखीव आहे. पहिल्या वर्षात विद्यापीठ जास्त, पुढची दोन वर्षं बहुतेक वेळ स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेत प्रशिक्षणार्थी म्हणून. प्रवेशासाठी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची पदवी-मान्यता आणि मुलांसोबत कामाचा अनुभव लागतो. सरकारी पैशावरच्या जागा तिथल्या रहिवाशांसाठी आणि नंतर तिथेच काम करण्याच्या बोलीवर.

त्या पेशाला बळ कायद्यातून आलंय. २०१४च्या कायद्यानुसार विशेष गरजांच्या मुलाची योजना २० आठवड्यांत द्यावी लागते आणि तीत मानसशास्त्रज्ञाचा सल्ला सहा आठवड्यांत यावा लागतो. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हक्क आहेत, पण शाळेत बसणाऱ्या मानसतज्ज्ञाची अशी ठरलेली जागा नाही. तिथलं घ्यायचंच तर एक घ्या: प्रशिक्षणार्थी मुलाला एकट्याला खोलीत तपासण्याआधी शिक्षकाशी तासभर सल्लामसलत करतो. ते इथेही उद्यापासून जमतं, पैसा लागत नाही.

केळीबाग

आता शेवटचं. कोर्सला जाईपर्यंत मध्ये सहा-आठ महिने असतील. खान्देशात कुठे शिकता येईल?

सातपुडा_पायथा

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बालरोग आणि मनोविकार विभागाला लेखी अर्ज द्या, 'निरीक्षक म्हणून' असा स्पष्ट शब्द वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिथे चालू असेल तिथे शून्य ते सहा वर्षांची मुलं दिसतील, जी शाळेत कधीच दिसत नाहीत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्यासोबत शाळाभेटींना जा, त्यांना गावोगावची मुलं नावानिशी माहीत असतात. आश्रमशाळेत जायचं तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर जाऊ नका, आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.

रोजची नोंदवही ठेवा: तारीख, मुलाचं नाव न लिहिता क्रमांक, वय, काय पाहिलं, काय केलं, कोणाच्या देखरेखीत, आणि त्यांची सही. मुलाखतीत नुसतं 'अनुभव आहे' म्हणण्यापेक्षा ही वही टेबलावर ठेवलेली बरी. मुलांचे फोटो-व्हिडिओ फोनमध्ये नकोत. आणि एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, निरीक्षक असलात तरी. आधी घरच्यांना विचारू, शाळेला विचारू, असं करत बसायचं नाही. पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. मुलाला 'मी कुणाला सांगणार नाही' असा शब्द कधीच द्यायचा नाही.

पांझराकाठ

चाचण्यांच्या झेरॉक्स संचांपासून सावध राहा. फॉर्म बोर्डची सुताराकडून केलेली नक्कल फिरते, तिचे खाचे घट्ट किंवा सैल असतात आणि सेकंदांचा हिशेब बिघडतो. चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत बारकावे उडतात, मग 'चित्रात काय कमी आहे' याचं उत्तर तुम्हालाच येत नाही. स्वतः संच लगेच घेऊ नका. संस्थेतला मूळ संच आणि पुस्तिका हाताळा, स्टॉपवॉच तेवढं स्वतःचं घ्या, फोनवरचं नको. मध्येच फोन आला की ती फेरी वाया जाते आणि सरावाचा फायदा लागल्यामुळे पुन्हा घेता येत नाही.

केळीबाग

स्टॉपवॉच आणि वही घेते. गटसाधन केंद्राला सोमवारी अर्ज देते. बिने-कामतची मूळ पुस्तिका जळगावात कुठे बघायला मिळेल, ते कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा.